भाऊचा सांभाळ

चावीवालीकडे गल्लीचं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते एका साबणाच्या वडीमुळे.

तोवर ती जिन्याखालच्या टपरीत बसणारी एक बाई होती, इतकंच. टपरी तिच्या वडिलांची. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता इथे कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकत बसेल. पण थोड्याच दिवसांनी मुलीनेच फळी उघडली, चाव्या घासायचं यंत्र फडक्याने पुसलं आणि वडिलांच्या स्टुलावर जाऊन बसली. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याबद्दल कुणी काही विचारायला लागलं की ती यंत्र सुरू करायची. त्या खरखराटात पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्याच तोंडात राहायचा.

तर एके दिवशी कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ टपरीशी आला आणि त्याने कागदात गुंडाळलेली साबणाची वडी पुढे केली. वडीवर चावीचा ठसा होता.

"अशी एक करून द्या."

"मूळ चावी कुठाय?"

"हरवली."

"अरे वा. मग ठसा कधी घेतलात? हरवायच्या आधी?"

गृहस्थ हसला. "बाई, तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तुमचं काम करा."

"तेच करतेय," असं म्हणून तिने ती वडी उचलली आणि समोरच्या गटारात भिरकावली. "घर कुणाचं ते सांगा आणि घरवाल्याला घेऊन या. चहा पाजून चावी करून देईन." हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की वरच्या खिडक्या उघडल्या. गृहस्थ ज्या घाईने गेला, त्यावरून घर त्याचं नव्हतं हे सगळ्यांनाच कळलं.

वडिलांचा नियमच तसा होता. मालक समोर उभा असल्याशिवाय चावी करायची नाही आणि कुलूप उघडायचं नाही. हात असा बसलेला की कुठलंही कुलूप ती बोलता बोलता उघडील. म्हणून तर नियम.

त्या वेळी रस्त्याच्या पलीकडे सिस्टर उभी होती. हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला तपकिरी रंगाचा, एक कान दुमडलेला कुत्रा. ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी आपल्या घराची चावी घेऊन टपरीवर आली.

"ही माझी. आणखी एक कर."

"केली. घ्या."

"मला नको. ती तुझ्याकडे ठेव. मी एकटी राहते, कधी आत पडले-बिडले तर दार कोण उघडणार? तू रागावतेस ते बरोबर ठिकाणी रागावतेस. अशा माणसाकडे चावी असावी."

सिस्टरने उभा जन्म मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून काढला होता. निवृत्त झाल्यावरही तिला कुणी नावाने हाक मारली तर ती वळून बघायची नाही. 'सिस्टर' म्हटलं की अर्ध्या झोपेतून उठायची. कुत्रा तिला इस्पितळाच्या धुलाईखान्यामागे सापडला, ओल्या चादरींच्या ढिगात. तिने त्याचं नाव ठेवलं भाऊ. लोक विचारायचे, हे काय नाव? ती म्हणायची, "सिस्टरला भाऊ नको का?" लोक हसायचे आणि ती गोष्ट दुसऱ्याला सांगायचे. गल्लीत तो विनोद जुना झाला आणि नाव तेवढं राहिलं.

खरं कारण तिने चावीवालीला बऱ्याच वर्षांनी सांगितलं, भाऊचे कान पुसता पुसता. सिस्टरला सख्खा भाऊ होता. दूरच्या शहरात मोठ्या कचेरीत साहेब. आई आजारी पडली तेव्हा तिने निरोपावर निरोप पाठवले. उत्तर एकच, सुट्टी मिळत नाही. ऑपरेशनच्या कागदावर मुलाच्या जागी मुलीने सही केली. आई शुद्धीवर असेपर्यंत विचारत होती, भाऊ आला का? आई गेल्यावर तो सकाळच्या गाडीने आला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

"म्हणून याचं नाव भाऊ," सिस्टर म्हणाली. "हा हाक मारली की येतो."

हे सांगताना ती हसली नाही. चावीवालीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला तिने कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्यावर ती त्या दिवसापासून रागावून होती.

सिस्टरला छातीचं दुखणं लागलं. स्वतः नर्स असल्यामुळे किती दिवस उरलेत हे तिला डॉक्टरांपेक्षा आधी कळलं. तिने जुन्या वकिलांना बोलावलं, ते कधीकाळी तिचेच पेशंट होते. चावीवालीलाही बसवून घेतलं.

"घर भाऊच्या नावावर करा," सिस्टर म्हणाली.

"सिस्टर, कुत्र्याच्या नावावर घर होत नाही. तो सही करू शकत नाही."

"माझ्या भावालाही सहीला यायला कुठे वेळ होता."

वकील हसले आणि त्यांनी दुसरी वाट सांगितली. घर एका ट्रस्टमध्ये घालायचं. विश्वस्त वकील, त्यांच्यानंतर त्यांची मुलगी. घर विकायचं नाही. भाऊ जिवंत आहे तोवर त्याचा सांभाळ त्याच घरात व्हायचा, तो करायचा चावीवालीने. आणि भाऊ गेल्यावर घर नर्सेसच्या वसतिगृहाला द्यायचं. चावीवालीने हात झटकले. "मला कुणाचं घर नको. मी त्याला माझ्या खोलीवर नेईन."

"तुझ्या खोलीला तीन जिने आहेत. म्हातारपणी चढवशील त्याला कडेवर? गप्प बैस आणि मी सांगते ते नीट ऐक. सकाळ-संध्याकाळ फिरवायचं. पट्टा गळ्याला घट्ट नको. महिन्याने जंताचं औषध, पावात लपवून. कान कोरडे ठेवायचे. नखं वाढू द्यायची नाहीत. आणि कितीही तोंड करून बसला तरी गोड द्यायचं नाही."

वकिलांनी मसुद्यात 'माझा पाळीव कुत्रा भाऊ' असं लिहून आणलं होतं. सिस्टरने पेन मागितलं आणि पहिले तीन शब्द खोडले.

"अहो, गोंधळ होईल," वकील म्हणाले.

"कुत्रा म्हणून वाचलं की लोक तसंच वागवतात. नुसतं भाऊ लिहा. भाऊ कोण ते सगळ्यांना माहीत आहे."

आयुष्यभर एकाच गल्लीत राहिलेल्या माणसाची ही चूक होती. तिचे 'सगळे' म्हणजे त्या गल्लीतली माणसं. वकिलांनी हात टेकले आणि तसंच लिहिलं.

पुढच्या वर्षात आधी वकील गेले, मग सिस्टर. चावीवाली आपलं अंथरूण घेऊन सिस्टरच्या पुढच्या खोलीत राहायला आली. पलंगावर ती झोपत नसे. पलंगाखाली भाऊ आणि शेजारी जमिनीवर ती. गल्लीत कुजबुज झालीच. बरं जमवलं हिने, आयतं घर पडलं पदरात. समोरची शिंपीण हे तोंडावर म्हणाली तेव्हा चावीवाली म्हणाली, "हो ना. भाड्यात रोज भाऊचे केस झाडते. तुम्हाला हवंय का?"

मग एका दुपारी ती भाऊला जेवण द्यायला टपरीवरून घरी आली, तर दाराला नवंकोरं कुलूप. अंगणातला पट्टा नाही, पाण्याचं भांडं पालथं, भाऊ नाही. शिंपीण म्हणाली, "सिस्टरचा भाऊ आला होता ना. खरा. हातात सिस्टरच्या सहीचा कागद होता. घर माझंच आहे म्हणाला, कुलूप तोडून घेतलं."

चावीवाली दारासमोर उभी राहिली. कुलूप साधं होतं. केसातल्या आकड्याने उघडलं असतं. गल्लीतले सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तिने हात वर नेला, कुलूप फक्त धरलं, आणि सोडून दिलं. मालक समोर नव्हता. ज्या माणसाला कायदा आणि लाज दोन्ही ठाऊक नव्हती त्याने कुलूप बिनदिक्कत तोडलं, आणि जिला उघडता येत होतं तिने वडिलांच्या शब्दासाठी ते उघडलं नाही. ती तशीच टपरीची फळीही न लावता वकीलबाईच्या कचेरीत गेली.

वकीलबाई म्हणजे जुन्या वकिलांची मुलगी. तिने सिस्टरच्या भावाला, त्या साहेबांना, दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. साहेब आले ते स्वच्छ दाढी केलेले, पांढऱ्या मिशांचे, बोलायला फार मऊ.

"मी तिचा सख्खा, एकुलता एक भाऊ. कागद स्पष्ट आहे," असं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले, "'माझ्या पश्चात याच घरात भावाचा आमरण सांभाळ...'"

"भाऊचा," वकीलबाई म्हणाली.

"तेच ते."

"तेच नाही. तुम्ही भावाचा वाचलंत, तिथे भाऊचा लिहिलंय. भावाचा असतं तर ते नातं झालं असतं. भाऊचा म्हणजे नाव. जरा वरची ओळ बघा, 'माझ्या भावाविषयी मला काही म्हणायचे नाही.' ते तुमच्याविषयी. एकाच पानावर दोन वेगळी रूपं आहेत."

साहेबांनी ओळ पाहिली. मिशी जरा हलली. "घरात मला भाऊच म्हणायचे," ते म्हणाले. "आई म्हणायची, भाऊला वाढ. भाऊला उठव. भावाला असं आमच्या घरात कुणीच म्हणालं नाही."

हे खोटं नव्हतं.

"मग हे कोर्टात जाईल," वकीलबाई म्हणाली. "मला बहुतेक जिंकता येईल. पण कोर्टाला हे व्याकरण समजावेपर्यंत वर्षं जातील." ती शेजारी बसलेल्या चावीवालीकडे वळली. "मावशी, भाऊ किती वर्षांचा आहे?"

"कुठला?" साहेब म्हणाले.

"भाऊ कुठाय?" चावीवालीने त्यांना विचारलं.

"मी तुमच्यासमोर..."

"कुत्रा. कुत्रा कुठाय?"

तो शब्द तिने त्याच्यासाठी जन्मात पहिल्यांदा वापरला. तो वापरावा लागला म्हणून तिला साहेबांचा आणखी राग आला.

"पुलापलीकडच्या गोदामावर दिलाय, राखणीला. उपाशी नाही मारत कुणी तिथे. आणि एक विचारू? माणसांना डोकं टेकायला जागा नाही आणि कुत्र्याला दोन खोल्यांचं घर? तुम्हाला तरी पटतं हे?"

"घर त्यांचं होतं," चावीवाली म्हणाली. "त्यांनी त्याची एकेक वीट काढून नदीत टाकली असती तरी तुम्हाला विचारायला आल्या नसत्या. राखणीला म्हणे. त्याला धड भुंकता येत नाही."

गोदामावर भाऊ सिमेंटच्या पोत्यांमागे साखळीला बांधलेला होता. साखळीने मान सोलली होती. तिने "भाऊ" म्हटलं तर तो उठला, पण साखळी संपली तिथेच थांबला, जसं काही तेवढंच जग आहे हे त्याला पटलं होतं. रखवालदार म्हणाला, "न्या बाई, न्या. हा पोत्यांना घाबरतो." ती त्याला पुलावरून चालवत आणू लागली, मध्येच तो बसला, तेव्हा उचलून घेतला. एवढं मोठं जनावर छातीशी धरून चाललेली ती बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे अशा नजरेने बघत होती की कुणी मदतीलाही पुढे झालं नाही.

भाऊला टपरीत, यंत्राखाली पोतं अंथरून ठेवलं. रात्री तो उठायचा आणि सिस्टरच्या घराच्या दिशेने तोंड करून उभा राहायचा. याच घरात, असं लिहिलं होतं. याच घरात.

दोन दिवसांनी वकीलबाई टपरीवर आली. चावीवाली म्हणाली, "तो कागद परत वाच. हळू."

वकीलबाईने वाचला. "'माझ्या पश्चात याच घरात भाऊचा आमरण सांभाळ चावीवालीने, मी तिला सांगितल्याप्रमाणे, करावा. भाऊच्या पश्चात घर परिचारिकांच्या वसतिगृहास द्यावे. तोवर घर विकू नये.'"

"निकाल लागेपर्यंत भाऊ कोण?"

"ते म्हणतात मी."

"बरं. मग त्यांचा सांभाळ कुणी करायचा?"

वकीलबाईने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही."

"कसा?"

"सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे," वकीलबाई म्हणाली, आणि हसू आवरायला तिला तोंड वळवावं लागलं. चावीवाली हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्ली दात घासत असताना, तिने सिस्टरचं दार वाजवलं. साहेबांनी उघडलं. तिच्या हातात नवा पट्टा होता.

"चला, फिरायला."

"काय?"

"सकाळ-संध्याकाळ फिरवायचं सांगितलंय. पट्टा सैल लावते, घाबरू नका. गळ्याला लागता कामा नये, अशी सूचना आहे."

वर खिडक्या उघडल्या. साहेबांनी दार लावून घेतलं. ती पायरीवर बसली आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल असं बोलत राहिली. "आज जंताच्या औषधाचा दिवस आहे. पावातून देऊ का तसंच घ्याल? नखं दाखवायची आहेत. आणि काल तुम्ही मिठाईवाल्याकडून गोड आणलंत ते मला द्या. भाऊला गोड चालत नाही."

शिंपीण खिडकीतून म्हणाली, "अगं, कान राहिले."

"कान संध्याकाळी."

संध्याकाळी ती कापूस घेऊन आली. दुसऱ्या दिवशी परत पट्टा. गल्लीला खेळच मिळाला. साहेब दूध आणायला निघाले की कुणीतरी मागून म्हणायचं, "भाऊ, सुटले वाटतं." मुलं त्यांच्याकडे बघून चक्-चक् करायची. त्यांनी वकीलबाईला फोन करून तक्रार केली. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही भाऊ असाल तर विश्वस्त म्हणून मला हे करून घ्यावंच लागेल. त्या सांभाळात कसूर झाली तर जबाबदार मी. आणि हो, घर तुम्हाला विकता येणार नाही, पुढचं वाचलंत ना?"

त्यांनी पुढचं वाचलं नव्हतं. घराची बोलणी त्यांनी एका दलालाशी करूनही ठेवली होती.

चावीवालीला यातली गंमत कधीच वाटली नाही. शिंपीण हसून हसून डोळे पुसायची, आणि ही पट्टा गुंडाळून तडक टपरीवर परतायची. यंत्राखाली भाऊ झोपलेला असायचा, मानेला मलम लावलेला.

आठवडाभराने एका सकाळी दार तिने वाजवायच्या आधीच उघडं होतं. साहेब आत खुर्चीत बसले होते, बॅग भरलेली.

"या. बसा."

ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"मुलाच्या घरी मी बैठकीच्या खोलीत झोपतो," ते म्हणाले. "पाहुणे आले की मला गॅलरीत टाकतात. मला वाटलं, हे विकून कुठेतरी स्वतःचं एक दार असावं."

"मग हे सिस्टरना सांगायचं होतं. जिवंत असताना."

"तिने मला कधी बोलावलं नाही."

"बोलावलं होतं," चावीवाली म्हणाली. "आईच्या वेळी."

साहेबांनी बॅगेचा बंद ओढून घट्ट केला. चावीवालीला त्यांची दया आली असती तर गोष्ट गोड झाली असती. तिला आली नाही. गॅलरीत झोपणाऱ्या माणसाने एका म्हाताऱ्या जनावराला साखळीला बांधलं होतं, आणि हे तिला एका क्षणासाठीही विसरता येत नव्हतं.

कचेरीत वकीलबाईने कागद पुढे ठेवला. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, 'या दस्तात उल्लेख असलेला भाऊ मी नव्हे.' 'भाऊ' लिहून ते थांबले. इतके थांबले की वकीलबाईने पाण्याचा पेला सरकवला. मग त्यांनी 'मी नव्हे' लिहिलं, सही केली, कुलपाची चावी टेबलावर ठेवली आणि चहाला न थांबता गेले. खाली रस्त्यावर त्यांना कुणी 'भाऊ' म्हणून डिवचलं नाही. तशी ताकीद चावीवालीने गल्लीला सकाळीच दिली होती, तीही रागावूनच.

विश्वस्त म्हणून वकीलबाई समोर उभी राहिली तेव्हाच चावीवालीने ते नवं कुलूप काढलं आणि सिस्टरच्या वेळी होतं तसलंच दुसरं लावलं. भाऊ आत गेला, दोन्ही खोल्या हुंगून आला आणि पलंगाखाली जाऊन बसला.

त्याला आता उजव्या कानाने ऐकू येत नाही. चावीवाली त्याला डावीकडून हाक मारते, तो येतो. ती अजून त्याच घरात, पलंगाशेजारी जमिनीवर झोपते, आणि टपरी सकाळी थोडी उशिरा उघडते, कारण आधी भाऊला फिरवायचं असतं.